मठाचं माप

पाटणादेवीला जाणारे बहुतेक लोक पाटण पाहतच नाहीत. चाळीसगावहून नैर्ऋत्येला सतरा-अठरा किलोमीटर गेलं की पाटणे गाव लागतं. पुढं सातमाळ्याचे डोंगर तीन बाजूंनी जवळ येतात, गौताळा-औट्रम घाट अभयारण्याची हद्द सुरू होते आणि डोंगरी नदीच्या काठाकाठानं वाट देवळापर्यंत पोचते. नवरात्रात आणि चैत्रात इथं खान्देशभरातून माणसं येतात. आईची ओटी भरायची, नवस फेडायचा, पावसाळा असेल तर केदारकुंडाच्या धबधब्याकडं चक्कर मारायची, झाडाखाली डबे उघडायचे आणि उन्हं कलायच्या आत परतायचं. यात वावगं काहीच नाही. देवी जागती आहे म्हणूनच ही वाट इतक्या शतकांत बुजली नाही. पण ज्या जमिनीवर आपण चटई अंथरतो ती एका राजधानीची जमीन आहे, हे कुणी सांगितल्याशिवाय ध्यानात येत नाही. तिथं गुरं चारणाऱ्या एका बाबांनी मला ते एका वाक्यात सांगितलं होतं : “पह्यले आठे मोठं गाव व्हतं भाऊ, आते नुसता दगडे शेतस.”

हे मोठं गाव म्हणजे निकुंभ घराण्याचं पाटण. निकुंभ स्वतःला सूर्यवंशी म्हणवत आणि सोळाशे गावांचे धनी म्हणून मिरवत. आधी चालुक्यांच्या आणि मग देवगिरीच्या यादवांच्या सावलीत त्यांनी अकराव्या ते तेराव्या शतकात खान्देशाचा हा भाग राखला. डोंगराच्या पोटातलं शहर म्हटलं, की हल्ली आपल्या डोळ्यांपुढं मेक्सिकोतल्या पालेंकेसारखी चित्रं येतात : जंगलानं गिळलेले चौथरे, मुळांनी कवळलेल्या भिंती, पायऱ्यांवर कोरलेल्या लिप्या. पालेंकेच्या शिलालेखांच्या मंदिरात पाकाल राजाची कबर १९५२ साली सापडली आणि जगभर त्याचा बोलबाला झाला. तिथले लेख राजांचे जन्म, राज्यारोहणं, पूर्वज आणि देव यांच्याविषयी बोलतात. पाटणचा लेखही सुरुवातीला तसंच बोलतो. मात्र शेवटी तो बाजारात उतरतो, तेलाच्या घाण्यापाशी जातो, आणि माझ्या मते त्याच ओळींत हे गेलेलं शहर सगळ्यांत जिवंत राहिलं आहे. दगड पाहायचे ते त्या ओळींसाठी.

आधी महादेवाचं देऊळ. देवीकडं जाण्याच्या घाईत ते मागं टाकू नये. उंच जोत्यावर काळ्या पाषाणाची भिंत उभी आहे. शिखर गेलेलं आहे, आणि शिखर नसल्यामुळंच नजर भिंतीवर ठरते. भिंत सरळ अशी कुठं जातच नाही. कोनामागून कोन काढत ती आत-बाहेर होत राहते. सकाळी नऊच्या सुमाराला उजेड तिरपा असताना प्रत्येक कोनाची एक बाजू उजळते, दुसरी काळीच राहते, आणि अख्ख्या देवळाभोवती उभ्या पट्ट्यांची एक लय तयार होते. मूर्तिकामाची गर्दी या बाह्यांगावर फार नाही. रचनाकारानं मूर्तींऐवजी सावलीवर भरवसा ठेवला आहे. हात लावून पाहिलं तर दगडांच्या सांध्यात चुना लागत नाही. एका थराचं वजन खालच्या थराला धरून ठेवतं. मंडपात शिरलं की खांबांचे चौकोन, मग अष्टकोन, मग वर्तुळ, पुन्हा चौकोन अशा चढत्या पायऱ्या दिसतात. कमी जागेत किती आकृत्या बसवता येतात याचाच जणू तो पाठ आहे. दुपारी हे सगळं सपाट होऊन जातं, म्हणून जायचं ते सकाळीच.

लोक याला हेमाडपंती म्हणतात. महाराष्ट्रात जुन्या दगडी देवळाला हे नाव सरसकट चिकटतं. पण हेमाद्री पंडित हा महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा मंत्री, म्हणजे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. हे देऊळ त्याच्याही शंभर वर्षं आधीचं. तसा लेखच इथं आहे : शके १०७५, श्रीमुख संवत्सर, म्हणजे इ.स. ११५३. इंद्रराज निकुंभानं देऊळ बांधायला घेतलं आणि काम पुरं होण्याआधी तो गेला. मुलगा गोवन लहान होता, म्हणून सगर कुळातली इंद्रराजाची राणी श्रीदेवी राज्य पाहू लागली, आणि तिच्या कारभारात देऊळ पूर्ण झालं. नवरा गेलेला, पोर हाताशी, सोळाशे गावांचा कारभार डोक्यावर, आणि तरी सावल्यांची ही नाजूक लय कुठंही घाईनं उरकल्यासारखी वाटत नाही. श्रीदेवीचं नाव चाळीसगावच्या पोरींना शाळेत कळायला हवं असं मला मनापासून वाटतं.

११५३ हे साल आणखी एका कारणानं लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्याच्या तीनच वर्षं आधी, ११५० साली, भास्कराचार्यांनी वयाच्या छत्तिसाव्या वर्षी ‘सिद्धान्तशिरोमणी’ पुरा केला होता. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय असे त्याचे चार भाग. भास्कराचार्यांचं मूळ गाव कोणतं, यावर पुष्कळ वाद झाले आहेत. त्यांनी स्वतः सह्याद्रीजवळच्या विज्जडविडाचं नाव घेतलं आहे, आणि ते म्हणजे हेच पाटण, असं खान्देशात छातीठोकपणे सांगितलं जातं. मला त्या वादात फारसा रस नाही. जन्मगावाचा झेंडा रोवायच्या धांदलीत इथं जे निर्विवाद आहे ते मागं पडतं, आणि जे निर्विवाद आहे ते जन्मगावापेक्षा मोठं आहे. भास्कराचार्यांच्या नातवानं या शहरात एक मठ काढला, आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत एवढ्याचसाठी काढला, आणि ते दगडावर लिहून ठेवलं.

तो दगड देवीच्या देवळातला. डॉ. भाऊ दाजी लाड यांना तो सापडला आणि १८६५ साली त्यांनी तो विद्वानांपुढं आणला. मुंबईत दवाखाना चालवणारा हा माणूस भास्कराचार्यांचा काळ आणि ग्रंथ यांच्या मागावर होता, आणि तो माग त्याला सातमाळ्याच्या या घळीत घेऊन आला. पुढं कीलहॉर्ननं हा लेख ‘एपिग्राफिया इंडिका’च्या पहिल्या खंडात छापला. शंकर गोपाळ तुळपुळ्यांनी ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ या १९६३ सालच्या ग्रंथात त्याच्या मराठी भागाला जागा दिली.

लेखाची चढण नीट पाहावी. आरंभी भास्कराचार्यांची स्तुती येते, आणि ती नेहमीच्या साच्यातली नाही. कुमारिल भट्टाच्या मतात पारंगत, सांख्यात अद्वितीय, तंत्रात स्वतंत्र बुद्धीचा, वेदाचा मोठा जाणता, शिल्पात थोर, छंदशास्त्रात अधिकारी, वैशेषिकात खोल उतरलेला, खुद्द मीमांसक प्रभाकराला प्रभाकराचं मत शिकवील असा, काव्यात स्वतः कवी, आणि गणित वगैरे तीन शाखांत साक्षात त्रिनेत्र. वाचताना आधी वाटतं की नातू आजोबांची पदवीपत्रं मांडतो आहे. नीट पाहिलं की कळतं, प्रत्येक शास्त्राला एकेक फटका देत श्लोक पुढं सरकतो आणि सगळी शास्त्रं संपल्यावर गणितापाशी येऊन थांबतो. तिथं उपमा थेट शंकराची येते. तीन शाखा म्हणून तीन डोळे. ज्या गावात निकुंभांनी महादेवाचं देऊळ उभारलं त्या गावात ही उपमा ऐकणाऱ्याला लगेच पोचली असणार.

मग यादवांची वंशावळ : भिल्लम, जैत्रपाल, सिंघण. मग निकुंभांची, तिच्या शेवटी सोइदेव आणि हेमाडिदेव हे भाऊ. हा भाग लेखाला आवश्यक होता, पण वाचकानं तो पटकन ओलांडावा. त्यानंतर तिसरी वंशावळ येते आणि तिथं मात्र थांबायला हवं, कारण ती राजांची नाही. शांडिल्य गोत्रातला कविचक्रवर्ती त्रिविक्रम, त्याचा मुलगा भास्करभट्ट, ज्याला भोजराजानं विद्यापती म्हटलं, पुढं गोविंद, प्रभाकर, मनोरथ, महेश्वर, महेश्वराचा भास्कर, भास्कराचा लक्ष्मीधर, ज्याला जैत्रपालानं याच शहरातून बोलावून नेऊन पंडितांमध्ये अग्रस्थानी बसवलं, आणि लक्ष्मीधराचा चांगदेव, सिंघणाच्या दरबारातला मुख्य ज्योतिषी. एकाच शिळेवर सम्राटाचं घराणं, मांडलिकाचं घराणं आणि अभ्यासकाचं घराणं ही तिन्ही सारख्याच थाटात मांडलेली आहेत. रचना करणाऱ्यानं तिसऱ्याला आसन कमी उंचीचं दिलेलं नाही. नऊ पिढ्यांची विद्या म्हणजे नऊ पिढ्यांची सत्ता, असं तो सरळ सरळ गृहीत धरतो.

चांगदेवाचा हेतूही लेखात बांधेसूद आहे. ‘सिद्धान्तशिरोमणी’ आदी भास्कराचे ग्रंथ, आणि त्याच्या कुळातल्या इतरांनी रचलेले ग्रंथ, या मठात नेमानं शिकवले जावेत. म्हणजे हा पुतळा नव्हे, छत्री नव्हे. आजोबांचं स्मारक कसं असावं याची चांगदेवाची कल्पना फार स्पष्ट होती : त्यांच्या ग्रंथांचा रोजचा पाठ.

दानाची वेळ पाहा. शक ११२८, प्रभव संवत्सर, श्रावणी पौर्णिमा, चंद्रग्रहण. शकाचा आकडा आणि संवत्सराचं नाव यांत एका वर्षाची तफावत दिसते, कारण प्रभव संवत्सर १२०७-०८ मध्ये येतं. तेव्हा अभ्यासकांनी संवत्सर आणि ग्रहण यांचा मेळ घालून ९ ऑगस्ट १२०७ ही तारीख धरली आहे. ग्रहणात दिलेलं दान मोठं पुण्याचं, हे तेव्हाचे सगळेच राजे मानत, आणि ग्रहणावर दिलेली दानं महाराष्ट्रभरच्या ताम्रपटांत भरपूर सापडतात. पण इथं घेणारा कोण आहे? ज्यांच्या ग्रंथात चंद्रग्रहणाचा स्वतंत्र अधिकार आहे, स्पर्श केव्हा आणि मोक्ष केव्हा हे जे घटिकांत काढून देतात, त्यांचाच मठ. आणि ऋतू कोणता? श्रावण. ऑगस्टात हे खोरं पाहिलेल्याला सांगायला नको. ढग डोंगराच्या खांद्यावर उतरून बसलेले असतात आणि रात्रीच्या रात्री चंद्राचं तोंड दिसत नाही. त्या रात्री आभाळ उघडं होतं की नव्हतं हे लेख सांगत नाही, त्याला ते सांगायची गरजही वाटत नाही. सोइदेवानं सगळ्या लोकांसमोर हातावर पाणी सोडलं ते ग्रहणाच्या वेळी, आणि ती वेळ आभाळ झाकलेलं असतं तरी चुकली नसती. गणितासाठी दिलेल्या दानाला गणितानं मुहूर्त काढून दिला, यापेक्षा चोख जुळणी कोणत्या कवीला सुचली असती असं मला वाटत नाही.

आणि इथं, तारीख आणि दान झाल्यावर, भाषा बदलते. वर संस्कृतातले लांबलचक समास, खाली एकदम तुटक, कामाची मराठी. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणजे १२९० ची. या ओळी तिच्या त्र्याऐंशी वर्षं आधीच्या. आजच्या बोलीत त्यांचा मतलब असा : या पाटणात जो माल विक्रीला उघडेल त्यावर गिऱ्हाइकाकडून राजाला जे येणं होतं, ते मढाला, म्हणजे मठाला, दिलं. विकणाऱ्याकडून ब्राह्मणांना जे येणं होतं, ते ब्राह्मणांनी दिलं. गिऱ्हाइकाकडून दामामागं विसोवा, म्हणजे विसावा हिस्सा, तो नगरानं दिला. मग बैलांवर येणाऱ्या मालाचं, बाहेरून येणाऱ्या मालाचं काय, ते येतं. मग पोफळं येतात, पाच पोफळं. मग घाणे : पहिल्या घाण्याची लोटीभर, आणि जेवढे घाणे चालतील तेवढ्यांमागं पळीपळी तेल. शेवटी मापं : जे काही मापलं जाईल ते मढाच्या मापानं मापावं; मापण्याबद्दल जे मिळेल त्यातलं अर्धं मढाला, अर्धं मापहाऱ्याला.

पहिलं सौंदर्य या ओळींच्या क्रियापदात आहे. ‘दिलं’ हे एकच क्रियापद पुन्हा पुन्हा येतं आणि दर वेळी कर्ता बदलतो. राजाचं राजानं दिलं, ब्राह्मणांचं ब्राह्मणांनी दिलं, नगराचं नगरानं दिलं. वरच्या संस्कृत भागात दान एकट्या सोइदेवाचं वाटतं. खाली मराठीत आलं की कळतं, यात सगळं शहर गुंतलेलं होतं. आणि ‘नगर’ हा दान देणारा होऊ शकतो, म्हणजे त्याला स्वतःचं उत्पन्न होतं, ते कुठं वळवायचं याचा निर्णय होता, चार डोकी बसून ठरवण्याची काहीतरी रीत होती. पडकी जोती पाहून आपल्याला फक्त एवढंच कळतं की इथं माणसं राहत होती. तिथल्या लोकांनी एकत्र बसून काय ठरवलं, ते या एका शब्दानं हाती लागतं.

दुसरं सौंदर्य उतरत्या क्रमात. माल, बैल, पोफळ, तेल, माप. दूरचं आधी, जवळचं मागून. बाजारपेठेच्या वेशीवर उभं राहून आत चालत गेल्यासारखा हा क्रम आहे : आधी विक्रीला आलेला माल आणि ओझी लादलेली जनावरं, मग पोफळं, मग गल्लीच्या टोकाला तेलाचा घाणा, आणि सगळ्याच्या मध्ये मापाची जागा. कोणतंही वर्णन न करता लेख शहराचा नकाशा देऊन जातो. सातमाळ्यातून जाणारा माल या घळीशी थांबत होता, पोफळासारखी किनाऱ्याकडची वस्तू इथवर पोचत होती, घाणे एकापेक्षा अधिक होते आणि सतत चालू असतील याची लिहिणाऱ्याला खात्री होती. खान्देशात आजही तिळाचा आणि भुईमुगाचा व्यवहार जिव्हाळ्याचा आहे. घाण्याचं तेल म्हटलं की जळगाव-धुळ्याकडचा माणूस कान टवकारतो. ही पळी त्याला लगेच ओळखीची वाटेल.

आणि तिसरं, ज्यासाठी मी हा लेख पुन्हा पुन्हा वाचतो, ते शेवटच्या मापाचं. लीलावती उघडली की गणित लगेच सुरू होत नाही. आधी परिभाषा येते. वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म, सोळा द्रम्मांचा एक निष्क. मग सोन्याची वजनं, मग लांबी, मग धान्याची मापं : खारी, द्रोण, आढक, प्रस्थ, कुडव. पुढं व्याज, भागीदारी, अदलाबदल, सोन्याचा कस, राशीतलं धान्य. भास्कराचार्यांनी गणिताची पहिली पायरी बाजारात बांधली. त्यांचा नातू मठ काढतो तेव्हा मठाचा खर्च बाजारातून येतो, आणि त्या बदल्यात मठ बाजाराला काय देतो, तर माप. आत मुलं कुडव आणि प्रस्थ घोकत बसलेली, बाहेर त्याच मठाच्या मापानं ज्वारी मापली जात असलेली. माप मठाचं असावं ही अट महसुलाची सोय म्हणूनही घालता येते, आणि अभ्यासक तशी ती वाचतील. मला त्यात आणखी काही ऐकू येतं. ज्यांचा धंदाच बिनचूकपणाचा, त्यांच्या मापावर शहराचा विश्वास आहे. घेणाऱ्यालाही तो आहे, विकणाऱ्यालाही आहे. गणिताच्या मठाला यापेक्षा मोठा मान मला सुचत नाही.

त्यातही ते ‘अर्धं मापहाऱ्याला’. लेख कोरणाऱ्यांनी हे लिहिलं नसतं तरी दान पूर्णच ठरलं असतं. पण मढासाठी वाटा काढताना मापणाऱ्याच्या पोटावर पाय येऊ नये, याची दखल त्यांनी घेतली आणि ती दगडावर घेतली. चाळीसगावच्या बाजार समितीत शेतकऱ्याच्या हाती हिशेबपट्टी पडते तेव्हा तीवर हमाली, तोलाई, मापाई असे रकाने असतात, आणि ती पट्टी घरी नेऊन ओट्यावर बसून कुणबी एकेक आकडा बोटानं तपासतो. पाटणच्या लेखाचा शेवट ही तशीच पट्टी आहे, आणि तीही मराठीतच असायला हवी होती, कारण ज्याच्याकडून पळीभर तेल घ्यायचं त्याला ती समजायला हवी. ज्याला अक्षर येत नाही त्याच्यापुढं कुणी हा भाग मोठ्यानं वाचला तर त्याला तो ऐकूनच कळला असता. वाक्यं तेवढीच लांब आहेत. दरबाराची भाषा संस्कृत, करारनाम्याची मराठी, ही वाटणी त्या काळच्या बऱ्याच लेखांत आढळते. पण इतकी रोजच्या वापरातली, इतकी तेलकट मराठी फार थोड्या लेखांत आहे.

घाण्यावाल्याचं नाव मात्र कुठं नाही. हे मनाला लागतं, विशेषतः वरच्या डोंगरात जाऊन आल्यावर. पाटणच्याच डोंगररांगेत, कन्नड तालुक्यात, पितळखोऱ्याची बौद्ध लेणी आहेत. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकापासूनची. तिथं पैठणच्या एका गंध विकणाऱ्याच्या घराण्यानं दान दिलं, त्याचं नाव कोरलं आहे : मितदेव. तिथल्या प्रसिद्ध यक्षाच्या हातावर तो घडवणाऱ्या कान्हदास सोनाराचं नाव आहे. तो यक्ष आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. गंध विकणारा, सोनार, वैद्य अशी धंदेवाईक माणसं तिथं आपापल्या नावानं भेटतात. चौदाशे वर्षांनी खाली पाटणात तेलाची पळी उरली, पण ती ओतणारा हात बिननावाचा झाला. चांगदेवानं तिथंही दोन नावं घातली असती तर किती बरं झालं असतं.

या परिसराची स्मृती किती मागं जाते, हे पाटण्याच्याच मातीत दिसलं. एस. ए. साळी यांनी १९७२-७३ मध्ये इथं उत्खनन केलं तेव्हा अश्मयुगाचे थर मिळाले, आणि त्यात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी आणि रेघा कोरलेला कवचाचा एक तुकडा. सुमारे पंचवीस हजार वर्षांपूर्वीचा. त्या तुकड्यावर पट्टे आखून आडव्यातिडव्या रेषांनी ते भरले आहेत. अंतरं सांभाळून, एकसारखी. त्याच्याविषयी जास्त बोलून मी चांगदेवाच्या मठाशी त्याचं नातं जुळवणार नाही. मात्र ज्याला पाटण बघायचं आहे त्यानं या तुकड्याचं छायाचित्र एकदा तरी शोधून पाहावं.

गिरणाकाठचं बहाळही याच फेरीत पाहून घ्यावं. चाळीसगाव तालुक्यातलंच हे गाव. १९५२-५३ आणि १९५६-५७ मध्ये म. न. देशपांडे यांनी तिथं खणलं तेव्हा ताम्रपाषाणयुगापासूनची वस्ती मिळाली. आणि तिथल्या देवीच्या देवळात भास्कराचार्यांच्या भावाच्या शाखेचा लेख आहे : शके ११४४, म्हणजे १२२२. भाऊ श्रीपती, त्याचा मुलगा गणपती, त्याचा अनंतदेव. हाही सिंघणाचा ज्योतिषी. त्यानं इथं भवानीचं देऊळ बांधलं, आणि लेखातले श्लोक त्याच्या भावानं, महेश्वरानं रचले. अनंतदेवानं ब्रह्मगुप्ताच्या ग्रंथातल्या छंदांच्या गणितावर टीका लिहिली होती आणि वराहमिहिराच्या बृहज्जातकावरही. पाटणला मठ स्थापून पंधरा वर्षं झाली होती. एका घराण्याच्या दोन शाखा पन्नासेक किलोमीटरच्या आत, एकाच राजाच्या पदरी, दगडावर आपापला अभ्यास नोंदवत होत्या. बहाळचा लेख सुबक आहे, पण त्याच्यात घाणा नाही; वाचून झाल्यावर पाटणचीच ओढ लागते.

एवढं सगळं असताना पाटणच्या लेखातला मराठी भाग तिथं सहज वाचता येईल अशा अक्षरांत, जाणाऱ्या-येणाऱ्याच्या नजरेला पडेल अशा जागी असायला हवा. धुळ्यात इतिहासाचार्य राजवाड्यांचं नाव घेऊन १९२७ पासून संशोधन मंडळ उभं आहे. जुन्या मराठीच्या एकेका कागदासाठी रानोमाळ हिंडलेल्या माणसाचा हा खान्देश. इथल्या पोराला ज्ञानेश्वरीच्या आधीची मराठी आपल्याच तालुक्यात, आपल्याच घाण्याच्या तेलानं माखलेली आहे हे दहावीच्या आत कळलं पाहिजे. तोवर एक करता येईल. तुळपुळ्यांच्या ग्रंथातलं ते पान सोबत न्यावं. सकाळी आधी महादेवाच्या देवळाभोवती फिरून घ्यावं, मग देवीपुढं नारळ वाढवावा, आणि बाहेर येऊन त्या मराठी ओळी मोठ्यानं वाचाव्यात. एकदा पुरत नाही. पहिल्या खेपेला शब्द अडखळवतात, दुसऱ्या खेपेला त्यांची चाल सापडते, आणि ‘पळी पळी’ पाशी आलं की भोवतीच्या एखाद्या आजीबाई थांबून विचारतात, हे कसलं तेलाचं चाललंय. त्यांना सांगावं.